चौथा हूक

माझ्या ताईबद्दल लोक नेहमी एकच वाक्य बोलतात. 'काय शांत बाई आहे हो.' हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. शांत म्हणे. घरातल्या सगळ्यांनी पसारा घालायचा, एकीनं तो मुकाट्यानं उचलायचा, आणि वर तिला शांत म्हणून मोकळं व्हायचं. हे मी बोलून दाखवलं की भावोजी हसतात आणि म्हणतात, 'तुमचं आपलं काहीतरीच, मावशी.' मी त्यांची मेहुणी. त्यांचा मुलगा मला मावशी म्हणतो म्हणून तेही मावशीच म्हणतात, आणि ते अशा सुरात की समोरच्याला वाटावं, हिचं काही मनावर घेऊ नका, ही अशीच आहे.

आहेच मी अशी. पण ताई तशी का आहे, ते सांगायला हवं.

आमची आई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होती. शाळा सुटली की आम्ही दोघी तिथेच. मी मोठ्या पातेल्यात खळ शिजवायची, गुठळी झाली की बोलणी खायची. ताई मात्र वयानं थोडीच मोठी, तरी तिला पहिल्या वर्षातच शिलाईला बसवलं. छापलेल्या कागदाची घडी म्हणजे फर्मा. असे फर्मे एकावर एक ठेवून, एकेक हातानं शिवत जायचं, त्याला जुजबंदी म्हणतात. शिलाई घट्ट झाली तर पुस्तक उघडत नाही, सैल झाली तर पानं बाहेर येतात. ताईनं शिवलेलं पुस्तक कुठेही उघडा, मधोमध उघडा नाहीतर शेवटाला, टेबलावर सपाट पडून राहायचं. मालकीणबाई फार तोंडाळ होत्या, कुणाचं कौतुक करणं त्यांच्या जिवावर यायचं. त्यासुद्धा ताईचं काम उलटंपालटं करून बघायच्या आणि काही न बोलता परत द्यायच्या. आमच्याकडे ते शंभर शाबासक्यांच्या जागी होतं.

मग ताईचं लग्न झालं, मी कारखान्यातच राहिले. भावोजी विमा कचेरीत. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर उगाच माझ्या तोंडावर जाऊन तुम्ही त्यांना राक्षस समजाल. दारू नाही, आरडाओरडा नाही, पगार घरात. काम सोड असंही ते कधी म्हणाले नाहीत. ते म्हणाले, 'सध्या राहू दे.' भाचा झाला तेव्हा सध्या राहू दे. भाचा शाळेत जायला लागला तेव्हा सध्या राहू दे. सासूबाईंचं दुखणं निघालं तेव्हा तर प्रश्नच नव्हता. भाच्याला नोकरी लागली, त्याचं लग्न झालं, सूनही नोकरी करणारी आली, तरी ते 'सध्या' काही संपेना. सरळ नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. सध्याशी कसं भांडायचं?

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. तीन खोल्या आणि दारातून आत आलं की एक चिंचोळी जागा, तिथे चपलांचं कपाट. दाराला टपालासाठी आडवी फट. सकाळी या चिंचोळ्या जागेत जो गोंधळ व्हायचा तो बघण्यासारखा होता. भाच्याची किल्ली सापडायची नाही. सूनबाई एक पाय बुटात, एक पाय बाहेर, पर्स उपडी करतेय. भावोजी आपल्याच खिशांवर थापट्या मारत फिरतायत. आणि तिघांच्या तोंडी एकच, 'आई, माझी किल्ली बघितलीस?', 'आई, माझी किल्ली?', 'अगं, माझी किल्ली?' ताई कधी ती बटाट्यांच्या टोपलीतून काढून द्यायची, कधी ओल्या टॉवेलखालून. एकदा तर फ्रिजमध्ये, दुधाच्या पिशवीशेजारी निघाली. ठेवणारे हे, शोधणारी ही. टपालाचं तेच. दारातून आत पडलं की जो येईल तो पायानं बाजूला सरकवायचा.

असंच एकदा भाच्याच्या नव्या नोकरीच्या मुलाखतीचं पत्र रद्दीत गेलं. शेवटी सापडलं, मुलाखतही झाली, पण सापडेपर्यंत त्यानं घर डोक्यावर घेतलं. 'आई दिवसभर घरात असते, तिला एवढं बघता येत नाही?' हे त्याचं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, त्या दिवशी मी तिथेच होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार एवढ्यात ताईनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, 'मी काहीतरी करते त्याचं.'

आणि तिनं केलं. किल्ल्या-टपालासाठी भिंतीवर लावायचं विकतचं काही नाही आणलं. विकत काय, प्लॅस्टिकचं पाहिजे तेवढं मिळतं. तिनं मला कारखान्यातून जाड पुठ्ठ्याचे उरलेले तुकडे आणायला सांगितले. मी आणले. दोन पुठ्ठे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवले, म्हणजे पुढे ते वाकत नाहीत. दोन दिवस पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवले. भाच्याचा जुना कॉरडरॉयचा कोट होता, कोपराला विरलेला, त्याचं चांगलं कापड सोडवून वर चढवलं. कोपऱ्यांवर कापड असं दुमडलं की कुठे जाडी नाही, कुठे सुरकुती नाही. वर टपालासाठी चार खिसे, तोंडाला तिरके कापलेले, म्हणजे कुणाचं पत्र आलंय ते लांबून दिसावं. प्रत्येक खिशाला वेगळ्या रंगाची पट्टी. खाली मोडक्या पलंगाची फळी घासूनपुसून लावली आणि तिच्यात चार पितळी हूक पिळून बसवले. तिला एवढ्या वर्षांनी असं काम करताना मी बघत होते. जीभ ओठात धरून, मान एका बाजूला, लहानपणी बसायची तशीच. खळ तिनं घरीच शिजवली, आणि सांगायला लाज वाटते, एक गुठळी नव्हती.

भिंतीला ते लागलं आणि घरात खरोखर फरक पडला. निळा खिसा भावोजींचा, तपकिरी भाच्याचा, हिरवा सूनबाईचा. चौथा पिवळा. मी विचारलं, 'हा तुझा ना?' तर हसली नुसती.

भावोजी तर त्या फळीवर बेहद्द खूश. येईल त्याला दारातच उभं करून दाखवायचे. त्यांनी तिचा एक कायदाच केला. आत आलं की पहिली किल्ली हुकावर, बाहेर जाताना हुकावरून काढायची. किल्ली लटकतेय म्हणजे माणूस घरात, हूक मोकळा म्हणजे माणूस बाहेर. हाक मारायला नको, खोल्या बघायला नकोत. शेवटचा जो बाहेर पडेल त्यानं फळीकडे नजर टाकायची, एकही किल्ली नसली की कुलूप दोनदा फिरवायचं. 'एका नजरेत घर कळतं,' असं ते पाहुण्यांना सांगायचे. उंटावरचे शहाणे म्हणतात ते हेच. कारण या एका नजरेत घरातलं एक माणूस कधीच येत नव्हतं.

ताईला किल्लीच नव्हती.

आधी होती. पण इमारतीत एकदा चोरी झाली, तेव्हा भावोजींनी नवं भारी कुलूप बसवलं. त्याच्याबरोबर तीन किल्ल्या आल्या. तिघांनी तीन घेतल्या. त्या कुलपाची जादा किल्ली रस्त्यावरचा किल्लीवाला करून देत नाही, दुकानात कुलपाचं कार्ड दाखवावं लागतं. ते कार्ड भावोजींनी कुठेतरी फार जपून ठेवलं होतं. इतकं जपून की त्यांनाही आठवत नव्हतं. तेव्हापासून ताई बाजारात जायची ती कुणीतरी घरी असताना. परत येईपर्यंत तेही बाहेर गेले असले तर पिशव्या घेऊन जिन्यात बसायची.

जिन्यात. स्वतःच्या घराच्या जिन्यात. मला हे कळलं ते शेजारणीकडून, ताईकडून नव्हे.

मी त्या रविवारी तडक गेले. बघते तर चौथ्या हुकावर भाच्याची टोपी आणि एक बुटात पाय घालायचं शिंग. पिवळ्या खिशात जाहिरातींचे कागद कोंबलेले, तेलाच्या, शिकवणीच्या, गाद्यांच्या. 'हा हूक कुणाचा?' मी सगळ्यांसमोर विचारलं.

'तो जादाचा,' भाचा म्हणाला.

'जादाचा? तुझ्या आईनं स्वतःसाठी केलाय तो. तिची किल्ली कुठाय?'

भाचा हसला. वाईट हेतूनं नाही, तेच तर दुखणं. अगदी प्रेमानं हसला. 'मावशी, आईला कशाला हवी किल्ली? ती घरीच असते.' सूनबाईचा चेहरा मात्र उतरला. ती म्हणाली, 'खरंच, आईंना एक करायला हवी.' भावोजी म्हणाले, 'करू की. कार्ड सापडलं की लगेच करू.' आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. पुढच्या रविवारीही कार्ड बघू, त्याच्या पुढच्याही. पालथ्या घड्यावर पाणी.

जिन्यात उतरताना मी ताईला म्हटलं, 'तू का नाही बोलत?' तर म्हणते कशी, 'मागितलीय ना मी. दोनदा मागितली. आता तिसऱ्यांदा स्वतःच्या घराची किल्ली मागायची मला लाज वाटते.' असं बोलली आणि वर निघून गेली. 

याच सुमारास कारखान्यात एक काम यायच्या बेतात होतं. एका जुन्या ग्रंथालयाची खिळखिळी झालेली पुस्तकं उसवून पुन्हा शिवायची होती, आणि अट अशी की सगळी शिलाई हातची हवी. आमच्याकडे आता यंत्रं आली आहेत, पोरी चटपटीत आहेत, पण जुजबंदी कुणाला येत नाही. मला येते, पण माझा हात मध्यम. मालकीणबाई आता थकल्या आहेत, खुर्चीतून उठत नाहीत. त्यांनी मला बोलावून विचारलं, 'तुझी बहीण अजून शिवते का?' मी म्हटलं, शिवेल. त्या म्हणाल्या, 'शुक्रवारी सकाळी ग्रंथालयाचा माणूस येतोय. त्याच्यासमोर शिवून दाखवू दे. आवडलं तर काम आपलं आणि खुर्ची तिची. नाहीतर तो दुसरीकडे जाणार आहे, त्यानं तसं सांगितलंय.'

मी ताईला सांगितलं तेव्हा तिनं आधी आपली बोटं उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, 'हात बसेल का गं पुन्हा?' त्या आठवड्यात तिनं घरातली सगळी जुनी मासिकं उसवली आणि शिवली. गुरुवारी रात्री जेवताना तिनं तिघांना सांगितलं, 'उद्या सकाळी मी कारखान्यात जाणार आहे, मला यायला संध्याकाळ होईल.' सूनबाई म्हणाली, 'छान.' भाचा दौऱ्यावर निघायच्या गडबडीत होता. भावोजी म्हणाले, 'बरं बरं.' हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं, पण शब्द तेच, कारण ताई कुणाच्या तोंडी शब्द घालत नाही.

शुक्रवारी मी कारखान्यात वाट बघत बसले. ग्रंथालयाचा माणूस आला. चहा झाला. ताई नाही. मालकीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी मनातल्या मनात ताईला शिव्या घालत होते की ऐन वेळी कच खाल्ली हिनं. आणि फोन वाजला.

'मी घरात अडकलेय,' ताई म्हणाली. 'दार बाहेरून लावून गेलेत.'

झालं होतं ते असं. भाचा पहाटेच गेलेला, सूनबाई तिच्या प्रयोगशाळेत गेलेली. ताई मागच्या गॅलरीत धुणं वाळत घालत होती, ते आटपून निघणार होती. भावोजी बाहेर पडले. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं की ही आज बाहेर जाणार आहे. फळीकडे पाहिलं. एकही किल्ली नाही. कायद्याप्रमाणे कुलूप दोनदा फिरवलं. नुसतं ओढून लावलेलं किंवा एकदा फिरवलेलं कुलूप आतून खटक्यानं उघडतं, दोनदा फिरवलेलं आतूनही किल्लीशिवाय उघडत नाही. 'हाक मारली का त्यांनी?' मी विचारलं. 'नाही,' ताई म्हणाली. एक हाक. गॅलरी ती केवढी, हाताच्या अंतरावर. पण हाक कशाला मारायची, एका नजरेत घर कळतं ना.

मी मालकीणबाईंच्या पाया पडायचीच बाकी राहिले. त्यांना म्हटलं, त्या माणसाला काहीही करून बसवून ठेवा. आणि पळत सुटले. वाटेत कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला हाताला धरून घेऊन गेले.

किल्लीवाल्यानं कुलूप बघितलं, दारावरची पाटी वाचली आणि पिशवी खाली ठेवली ती उघडेचना. 'मालक कोण?' त्यानं विचारलं.

'मालकीण आत आहे. दाराच्या पलीकडे उभी आहे, विचारा तिला.'

'तसं नाही बाई. पाटीवर दोन नावं आहेत, दोन्ही पुरुषांची. त्यांच्यापैकी कुणी सांगितल्याशिवाय मी कुलपाला हात लावत नाही. उद्या माझ्यावर आलं म्हणजे?'

'अहो, चोर काय आतून कडी वाजवतो का?'

'मला नाही माहीत. फोन लावा.'

त्याचंही चूक नव्हतं म्हणा, पण तेव्हा मी त्याला नाही नाही ते बोलले. मग फोन लावले. भावोजी कचेरीत फोन खणात ठेवतात, तो दुसरा कायदा. खण वाजत राहिला. कचेरीच्या फोनवर कुणीतरी सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. सूनबाई म्हणाली, 'अरे देवा, मावशी, मी जेवणाच्या सुट्टीत धावत येते, त्याच्या आधी सोडणार नाहीत.' ती निदान रडवेली तरी झाली. आणि आमचा भाचा. भाचा दौऱ्याच्या गावाहून म्हणतो, 'मावशी, आई आतच आहे ना? सुरक्षित आहे ना? मग काय अडचण आहे? बाबा संध्याकाळी येतीलच.'

आई आतच आहे ना. मी त्याला काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. लहानपणी याच पोराला मी न्हाऊमाखू घातलंय, त्या हक्कानं बोलले.

टपालाच्या फटीतून ताईचा आवाज आला. 'ओरडू नकोस गं. त्या भाऊंना विचार, आतल्या बाजूनं काय उकललं म्हणजे दार सुटेल?'

किल्लीवाल्यानं मान खाजवली. 'मी हात लावणार नाही. सांगायला काय, सांगतो.' तो फटीपाशी वाकला. 'ताई, कुलूप दारावर आहे, त्याला हात लावू नका. त्याची जीभ ज्यात जाते ती लोखंडी पेटी चौकटीवर आहे, दिसतेय? तिचे स्क्रू काढा. पेटी निघाली की कुलूप गेलं चुलीत, दार ओढलं की झालं.'

आतून बराच वेळ नुसता करकर आवाज. स्क्रू रंगानं बुजलेले होते, ते तिनं सुरीच्या टोकानं खरवडून मोकळे केले. एक काही केल्या फिरेना. मी बाहेर येरझाऱ्या घालतेय, घड्याळ बघतेय, शेजारीण दारात येऊन उभी, तिला पाचव्यांदा तेच सांगतेय. एकदा आतून काहीच ऐकू येईना. मी फटीतून बघितलं तर ताई जमिनीवर बसलेली, हात मांडीवर, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय.  माझ्यासारखीला तेव्हा गप्प बसता आलं याचं मला अजून नवल वाटतं. मग तिनं पदराला हात पुसले आणि उठली. थोड्या वेळानं लोखंड जमिनीवर आदळलं आणि दार उघडलं.

तळहात सोलवटलेला होता. तिनं तोंडावर पाणी मारलं, चप्पल घातली. किल्लीवाला म्हणाला, 'दार आता असंच राहणार, नुसतं लोटलेलं. कुणाला तरी बसवून जा.' शेजारीण म्हणाली, 'मी लक्ष ठेवते.' ताई म्हणाली, 'ठेवा, नाहीतर नका ठेवू,' आणि जिना उतरायला लागली. मी तिच्यामागे, जाता जाताच सूनबाईला फोनवर कळवलं, आता येऊ नकोस. आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्यामागे धावावं लागलं.

ग्रंथालयाचा माणूस कारखान्याच्या पायऱ्या उतरत होता. मी त्याला आडवीच गेले. तो वैतागलेला. 'बाई, मला वेळेला किंमत देणारी माणसं हवीत.' मी तोंड उघडलं, पण ताईच पुढे झाली. 'मला घरात कोंडून गेले होते,' ती म्हणाली. 'मी चौकट उकलून आलेय. पुस्तक कुठलं शिवायचं ते दाखवा.' तिनं हे इतकं सरळ सांगितलं की तो माणूस गोंधळला आणि मुकाट्यानं परत वर आला.

पहिला धागा तुटला. दुसऱ्या फर्म्याला सुई वाकडी गेली, तिनं उसवून पुन्हा घातली. तळहात दुखत असणार. मालकीणबाई खुर्चीतून बघत होत्या. मी दुसरीकडे तोंड करून पुठ्ठे मोजायचं नाटक करत होते. मग हळूहळू ताईची मान एका बाजूला झुकली, आणि मला कळलं की आता काळजी नाही. शिवून झालं तेव्हा त्या माणसानं पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवलं. ते सपाट पडून राहिलं. त्यानं आणखी दोन ठिकाणी उघडून बघितलं. मालकीणबाईंनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि काही न बोलता ताईला परत दिलं. मग तिला म्हणाल्या, 'उद्यापासून की आत्तापासून?' ताई म्हणाली, 'आत्तापासून.'

संध्याकाळी आम्ही अजून बसलेल्याच होतो, तेव्हा भावोजी आले. मी त्यांना कारखान्यात कधी पाहिलंच नव्हतं. लग्न ठरवतानासुद्धा ते इथे आले नव्हते. घाम फुटलेला, शर्टाचं एक बटण सुटलेलं, हातात ती लोखंडी पेटी, का आणली होती कोण जाणे. 'घर उघडं,' ते म्हणाले. 'मी येऊन बघतो तर दार उघडं, चौकट उकललेली. मला वाटलं चोर शिरले.  शेजारच्या बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. अगं, काय हे?'

सगळ्या पोरींनी काम थांबवलं. मी उठलेच होते, आता चांगले कान उपटते म्हणून. पण ताईनं सुई खाली ठेवली नव्हती, म्हणून मी थांबले. ती म्हणाली, 'तुम्ही मला कोंडून गेलात.'

'मुद्दाम केलं का मी?' भावोजींचा आवाज खाली आला. ते खरंच हादरलेले होते, ते मी नाकारत नाही. 'तू म्हणाली होतीस ना जाणार आहे म्हणून? निघताना फळी बघितली. एक किल्ली नव्हती तिच्यावर. घरात कोणीच नाही असं वाटलं मला.'

ताईनं दोरा ओढून घेतला, गाठ मारली, दातानं तोडला. मग त्यांच्याकडे बघितलं.

'मला तर ते रोजच वाटायचं,' ती म्हणाली.

भावोजी ती पेटी हातात घेऊन तसेच उभे राहिले. आणि मी, जिला कुणापुढे गप्प बसणं माहीत नाही, ती हळूच खाली बसले.